बाकावरची जागा

इटलीतल्या एका डोंगराळ गावात आम्ही बसभर मराठी माणसं एका पिवळ्या छत्रीमागून चाललो होतो. छत्री आमच्या टूर लीडरची. खरं सांगायचं तर सगळी सहल मी त्या छत्रीकडेच बघत केली.

एका दारापाशी बाकावर बसून एक म्हातारी मटार सोलत होती. मांडीवर पातेलं, पायाशी सालांचा ढीग. माझे पाय थबकले. तिने वर पाहिलं, हसली, जराशी सरकली आणि शेजारची रिकामी जागा हाताने थोपटली. 'ये, बस' म्हणायला भाषा कशाला लागते?

"काकू, चला ना! जेवण थंड होतंय," लीडर पुढून ओरडला. मी घाईघाईने तिला नमस्कार केला आणि निघाले.

रोज घरच्यासारखं जेवण मिळणार, म्हणून तर आम्ही ही सहल निवडली होती. आपल्याला परदेश बघायचा असतो, पण वरणभात सोडून नाही! त्या दुपारी ताटात मटारची उसळ होती. "अगदी घरच्यासारखी झालीय," सगळे म्हणाले. मीही म्हणाले. घास मात्र उगाच घोळत राहिला.

त्या गावातलं चर्च आता आठवत नाही. फोटोत आहे, मी त्याच्यासमोर हसत उभीही आहे. पण हिवाळ्यात बाल्कनीत मटार सोलायला बसले, की आजही मी नकळत जराशी सरकून बसते.