आत येणाऱ्यानं काम सांगायचं

तात्या गेल्याचं कळलं तेव्हा मी ओपीडीत होते. कोरेगावहून त्यांच्या मुलीचा फोन आला, "सकाळी रानात गेले आणि तिथंच..." त्याला आता दीड महिना होतोय.

फौजेत सिग्नलला असलेले तात्या सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि आमच्या आष्ट्याच्या दवाखान्यात कॉम्प्युटरचं नेटवर्क सांभाळायला आले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फायरवॉलमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेशीवरच्या पहाऱ्यात, बाहेरून आत येणाऱ्या साऱ्या सेवा बंद केल्या. "आतनं भाईर जानाऱ्याला आडवत न्हाई. भाईरनं येनाऱ्यानं मातर काम सांगायचं," म्हणाले. त्यात माझीही वाट बंद झाली. सांगलीत सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, म्हणून संध्याकाळचे एक्स-रे मी घरूनच बघायची. मशीन बसवणाऱ्यानं तेवढ्यासाठी दवाखान्याचा कॉम्प्युटर थेट इंटरनेटवर उघडा ठेवला होता. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांदेखत तात्यांना बोलले, "तुम्हाला वायरी कळतात, पेशंट कळत नाहीत!"

रविवारी एसटीनं ते सांगलीला आमच्या घरी आले. माझ्या लॅपटॉपवर व्हीपीएन बसवून दिलं... पासवर्ड टाकायचा, मोबाइलवर आलेला नंबर टाकायचा, मगच आत. मग खिशातून घडी घातलेला कागद काढला. माझ्या त्या जुन्या वाटेवर कुठल्या कुठल्या परक्या ठिकाणांहून पासवर्ड लावून बघितले जात होते, त्याची पानभर यादी. "दावनार न्हवतो. पर तुमी डाक्टर. रोग बगितल्याबिगर औशद पटायचं न्हाई."

मी माफी मागितली. "आवं, राग पेशंटापायी हुता. तेवडा चालतोय," म्हणाले आणि सासूबाईंजवळ जाऊन बसले.

दर दोन महिन्यांनी तात्या प्रत्येकाला विचारत, "आजून लागतंय का?" गरज संपली की ती सेवा बंद. यंदा सासूबाई गेल्या. संध्याकाळीही मी दवाखान्यातच थांबू लागले. त्यानंतर मला मात्र तात्यांनी विचारलं नाही. विसरले असतील, असं वाटलं.

गेल्या आठवड्यात नव्या इंजिनिअर मुलीनं फायरवॉलची यादी उघडली. चालू ठेवलेल्या प्रत्येक सेवेपुढं, ती कुणासाठी आणि कशाला, हे तात्यांनी मराठीत लिहून ठेवलंय. माझ्या नावापुढं होतं, "एक्स-रे बघणे. घरी सासूबाई आजारी." त्याखाली, नंतर लिहिलेलं, "सासूबाई वारल्या. मॅडमना इतक्यात विचारू नये."

"मॅडम, हे बंद करू?" तिनं विचारलं.

"कर," मी म्हटलं. "ओळ मात्र पुसू नकोस."