दमट कागद

ऑफिसात तिला सगळे ‘कागदवाली’ म्हणतात. गच्चीवरचं यंत्र दिवसरात्र हवा ओढतं, आत बसवलेल्या गोल कागदावर बारीक धूळ साचते. ती रोज दुपारी चिमट्याने कागद काढते, एक अख्खा दिवस कोरड्या खोलीत ठेवते, मगच वजन करते. वीस वर्षं हेच. पावसाळ्यात कागद जेमतेम मळतो, थंडीत काळा पडतो.

त्या आठवड्यात वारा पडला होता. गार हवा जमिनीला चिकटलेली, वर उबदार हवेचं झाकण, सकाळी दाट धुकं. धूर जाणार कुठे? आणि शुक्रवारी सकाळी सातला लेकीची धावण्याची निवड चाचणी. लेकीला दमा.

गुरुवारी तिने कागद काढला आणि तसाच थेट काट्यावर ठेवला.

“बाई, भाजी तोलताय का? एवढी घाई?” शिपाईमामांनी विचारलं.

“गप्प बसा हो मामा.”

आकडा दर थंडीतल्याच्या दुप्पट निघाला. तिने लेकीच्या मैदानावरच्या सरांना फोन लावला. “उद्या ती पळणार नाही.”

लेक रात्री जेवली नाही. “विचारलंस मला? पंप असतो माझ्या खिशात. डॉक्टर हो म्हणाले होते.”

“डॉक्टर गच्चीवर येतात का हवा बघायला?”

शुक्रवारी दुपारी कागद सुकला. तिने पुन्हा तोलला. मग पुन्हा एकदा, चष्मा पुसून. आकडा निम्म्यावर आला होता. हवा वाईटच, पण दर थंडीत असते तेवढीच. बाकीचं वजन धुक्याच्या पाण्याचं. नवीन पोरांना ती पहिल्याच दिवशी हे शिकवायची.

ती तशीच उठून मैदानावर गेली. “सर, चूक माझी. दमट कागद तोलला. तिला एक संधी द्या. दुपारी द्या, उन्हाने जमीन तापली की हवा वर उठते.”

“बाई, यादी सोमवारी जाते,” सर म्हणाले. “उद्या तीनला आणा. पण पात्रतेची वेळ तीच राहील.”

लेकीने ऐकून घेतलं. “मी एकटी जाणार. तू असलीस की माझा श्वास मोजत बसतेस.”

शनिवारी ती गच्चीवर येरझारा घालत राहिली. दोनला वाऱ्याचा बाण ढिम्म. अडीचला जरासा हलला. तीनला ती जिन्यात बसली, उठली, परत वर गेली. साडेतीनला फोन वाजला.

“दोन सेकंदांनी राहिलं.”

“पंप?”

“विचारलंसच. नाही लागला.” लेक अजून धापा टाकत होती. “काल सकाळी पळाले असते तर बाकीच्या मुली होत्या गं सोबत. एकटीने पळताना वेग कळत नाही.”

“चूक माझी होती.”

“माहितेय. सर म्हणाले तसं.” मग बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मोजायचा नाही असं ती स्वतःला बजावत होती, तरी मोजत होती.