चारच शीलं

केमोथेरपी सुरू झाल्यावर माझ्या बायकोला फोडणीचा वास सहन होईना. तेव्हा आम्ही फ्रँकफर्टला राहत होतो. मी एका बँकेच्या आयटी विभागात होतो, ती एका संशोधन संस्थेत रसायनशास्त्रज्ञ. मी बाल्कनीत विजेची शेगडी मांडून तिथे स्वयंपाक करू लागलो. तरी वरणभाताचा दुसरा घास तिच्या पोटात टिकायचा नाही. उलटीवरच्या सगळ्या गोळ्या देऊन झाल्या होत्या.

मग तिच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आल्झो, तर मग आणखी एक औषध बघू या. ड्रोनाबिनॉल. गांजात जे मुख्य द्रव्य असतं तेच, पण प्रयोगशाळेत तयार केलेलं."

हिनं नुसती मान डोलावली. त्या रेणूची रचना तिला तोंडपाठ होती. घाबरलो मी. पण आपोटेकेतल्या, म्हणजे औषधांच्या दुकानातल्या, बाईंनी आतल्या खोलीत तेलात कालवून दिलेली ती छोटी बाटली मी मुकाट्यानं घरी आणली.

त्या संध्याकाळी थेंब घेतल्यावर थोड्या वेळानं ती म्हणाली, "भूक लागलीय रे." तिनं वरणभात संपवला, वर लोणचं मागितलं. मग टीव्हीवर हवामानाचा अंदाज चालू असताना तिला एकाएकी हसू फुटलं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आमच्या मुलीला मराठी कळायचं, पण उत्तर ती जर्मनमधूनच द्यायची. ती धावत माझ्याकडे आली. "पापा, मामा लाख्ट!" आई हसतेय! मग आम्ही दोघंही हसायला लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नेहमीसारखे बुद्धमूर्तीसमोर वंदनेला बसलो. पंचशील ती म्हणायची, आम्ही बापलेक तिच्या मागून. चौथं शील म्हणून झालं आणि तिनं जोडलेले हात खाली घेतले. पाचवं, मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं, तिनं म्हटलंच नाही.

मुलीला शाळेत सोडून आल्यावर मी म्हणालो, "अगं, औषध आहे ते. औषधाला कसलं आलंय बंधन?"

"माहितेय."

"नागपूरला भंतेंना फोन लावू का? तेही हेच सांगतील."

"सांगतील ना. पण काल हसत होते ती मी नव्हते रे. मला कळत होतं आणि थांबवता येत नव्हतं. रात्री ते घ्यायचं आणि सकाळी हात जोडून खोटं बोलायचं, हे मला जमणार नाही."

"मग घेऊ नकोस!" मी चिडलोच.

"न घेता जेवू कशी?" ती शांतपणे म्हणाली.

मी उठून भांडी घासायला घेतली.

ती थेंब घेत राहिली, जेवत राहिली आणि रोज चारच शीलं म्हणत राहिली. तिच्या गालांवर जरा मांस आलं. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. मला वाटू लागलं, आता निभावेल.

पण आजार यकृतात पसरला. जेवण पोटात टिकत होतं, अंगी लागत नव्हतं. हे कळल्यावर तिनं स्वतःच थेंब बंद केले. "आता संध्याकाळी मला हिच्याशी नीट बोलायचंय," मुलीकडे बघून ती म्हणाली. ती पुन्हा दोन चमच्यांवर आली. मी वाटी धरून बसायचो. आग्रह करायचा की नाही, हेही मला ठरवता येत नसे.

वसंतात एका दुपारी ती गेली. मुलगी शाळेत होती. मी तिला आणायला गेलो, तेव्हा फाटकाशी ती मैत्रिणींबरोबर दोरीवरच्या उड्या मारत होती. मला पाहून पळत आली. मराठीत तो शब्द माझ्या तोंडून निघेना. मी तिला जर्मनमध्ये सांगितलं. तिनं दप्तर खाली ठेवलं आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मी ते दप्तर उचलून खांद्याला लावलं.