मधल्या अकरा गोळ्या

बारवी धरणाच्या वरच्या अंगाला एक पाडा आहे. तिथं आजही सांगतात, की थोरल्यानं काडतुसात दारू जास्त भरली आणि सख्ख्या भावाचा जीव घेतला. हे खोटं आहे. धाकटा माझ्या कामामुळे मेला.

थोरला माझा मित्र. अंबरनाथच्या एका लहान वर्कशॉपमध्ये आम्ही तेवीस वर्षं काम केलं, मी लेथवर आणि तो प्रेसवर. सुटीला तो भातशेती बघायचा. घरात आजोबांच्या वेळची रायफल होती, शेतसंरक्षणाच्या परवान्याची. रानडुकरं उभं भात लोळवून टाकत. त्या रायफलीची काडतुसं दुकानात मिळेनाशी झाली, तेव्हा तो जुन्या पितळी पुंगळ्याच पुन्हा भरू लागला. परवान्यात हे बसत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. अडायचं ते गोळ्यांपाशी.

उल्हासनगरच्या भंगारात त्याला तेरा गोळ्या मिळाल्या. त्या नळीपेक्षा जाड होत्या. भंगारवाला सिंधी हसून म्हणाला होता, "साईं, दबाओगे तो दबेगा."

त्या माझ्या टेबलावर ओतत मित्र म्हणाला, "यांना बारीक कराची डाय तू कर. तुज्या हातचं असंल तं मना परत मोजाया नको."

डाय, म्हणजे नळीच्या मापाचं भोक पाडलेला पोलादी ठोकळा, मी जेवणाच्या सुटीत केली. रविवारी त्याच्या पडवीत हातप्रेस बसवला. दांडा ओढला की गोळी डायमध्ये किंचाळत शिरायची आणि खालून बारीक होऊन, चकचकीत पडायची. धातूला आपल्या मनाजोगं वाकवण्यात एक सुख असतं. ते सुख मी त्या दिवशी भरपूर घेतलं.

आमच्या वर्कशॉपचा नियम होता: लॉटचा पहिला नग आणि शेवटचा नग रिंगगेजमधून, म्हणजे नेमक्या मापाच्या कड्यातून, घालायचा. दोन्ही गेले, तर मधले बरोबरच असतात. एकाच सळईतून कापलेल्या मालाला हा नियम चालतो. मी पहिली गोळी रिंगमधून घातली, गेली. तेरावी घातली, गेली. मी म्हणालो, "ओके." त्यानं एकही मोजली नाही.

पण तो एका लॉटचा माल नव्हता. काही गोळ्यांचं कवच तांब्याचं होतं, काहींचं पोलादाचं, वर नुसता तांब्याचा मुलामा. तांबं दाबलं की दबलेलं राहतं. पोलाद डायमधून सुटलं की थोडं परत फुगतं, आणि अशी गोळी नळीत अडली की दारूचा जोर मागे फिरतो. इतकी वर्षं लेथवर काढलेल्या टर्नरला हे शिकवावं लागत नाही. मी बघितलंच नाही.

आठवड्यानं, सकाळी उजाडताना, आम्ही तिघं बांधावर होतो. डुकरांचा कळप शेतात होता. थोरल्याच्या चार गोळ्या गेल्या, चौथीनं एका नराचं मागचं तंगडं मोडलं. ते ओरडत चिखलात गोल फिरू लागलं. धाकटा थोरल्याच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. "दादा, डोक्यात घाल, त्याचे हाल नको करूस," तो म्हणाला.

पाचव्या बाराचा आवाज वेगळा आला. रायफल मागून फाटली. थोरल्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली आणि चेहऱ्याची एक बाजू डोळ्यासकट काळी झाली. लोखंडाचा एक तुकडा धाकट्याच्या गळ्यात शिरला. त्यानं दोन्ही हातांनी गळा दाबून धरला आणि माझ्याकडे बघितलं. काही बोलायला तोंड उघडलं, तर रक्तच आलं. तो बसला, मग आडवा झाला. मी पंच्याचा बोळा जखमेत कोंबत होतो आणि तो आतून बाहेर ढकलला जात होता. हे फार वेळ चाललं नाही. डुक्कर अजून ओरडतच होतं. पाड्यातल्या कोणीतरी धावत येऊन कोयत्यानं ते संपवलं.

पोलीस यायच्या आत घरातला गोळ्यांचा डबा मी उचलला. पुरावा हलवून मी त्या घराला वाचवलं, असं सगळ्यांना वाटलं. घरी आणून उरलेल्या आठही गोळ्या रिंगमधून घातल्या. तीन अडकल्या. त्या क्षणापासून मला पक्कं ठाऊक आहे.

थोरल्यानं जबाबात दारू आपल्याच हातून जास्त पडली असेल, असं सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. त्याला तसंच वाटतही होतं.

दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा शिवेना. थोरला पट्ट्या बांधलेला हात जोडून म्हणाला, "पोरांना मी वाढवीन." कावळा आला नाही. तेव्हा धाकट्याच्या बायकोचे भाऊ उठले. त्यांनी त्याला खडकावर पाडलं, लाथा घातल्या, जखमी हातावर पाय दिला. "भाऊ खाल्लास, आता पिंड पण खा," असं म्हणत होते. तो ओरडलासुद्धा नाही. मी दहा पावलांवर उभा होतो. एक वाक्य बोललो असतो, तर त्या लाथा माझ्याकडे वळल्या असत्या. मी बोललो नाही.

त्यानं पोरं वाढवली. धाकट्याची बायको त्याच घरात राहिली, पण त्याच्याशी बोलली नाही. त्याचं ताट त्याची बायको वाढायची. ती वारल्यावर तो स्वतः वाढून घेऊ लागला.

यंदा दिवाळीनंतर मी बदलापूरहून रिक्षा करून पाड्यावर गेलो. तो ओट्यावर बसला होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, रिंगेचं, अडकलेल्या तीन गोळ्यांचं. तो उठला आणि दोन बोटं उरलेल्या त्या हातानं माझ्या तोंडात मारली. पुन्हा मारली. माझा ओठ फुटला.

"मना काय सांगतंस," तो म्हणाला. "तिला सांग."

धाकट्याची बायको परसात वैरण तोडत होती. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. कोयता तिच्या हातातच होता.

"माज्या भावांनी भावजींना मारलं, तवा तुमी कुठं व्हता?"

"तिथंच होतो."

तिनं माझ्या फुटलेल्या ओठाकडे बघितलं. "नुसतं तोंडाचं बोलणं मी धरीत नाय. माजे भाऊ तसं खरं मानाचे नायत. लिवून द्या, खाली सही करा." मग दारात उभ्या थोरल्याकडे वळून म्हणाली, "भावजी, तुमी जेवाला बसा. मी वाढतंय."

तो आत गेला. मला कोणी बस म्हटलं नाही.

तिला दिलेल्या कागदावर, इथं गाळलेली, सगळ्यांची नावं आहेत. तिच्या भावांनी तो वाचला, आणि थोरल्याकडे माफी मागायला अजून कोणी आलेलं नाही. माझ्याकडे मात्र ते आले होते. दार मी उघडलं.