व्याह्यांच्या पानात जीभ

माझ्या मामाला सगळे थंडामामा म्हणत. तो फ्रीज आणि कोल्ड रूम दुरुस्त करायचा म्हणून. स्वभाव म्हणाल तर उकळतं आधण. कुठे काही चांगलं खाल्लं की त्याला दम निघायचा नाही. हात न धुताच मला फोन करायचा आणि ‘आहेस तशी नीघ’ म्हणायचा. मी त्याची एकुलती एक भाची, त्यामुळे निघण्यावाचून गत्यंतर नसायचं.

आमच्या शहरात लांबलांबच्या मुलखांतून माणसं पोटापाण्यासाठी आली होती आणि त्यांनी गल्लीबोळांत आपापल्या खाणावळी थाटल्या होत्या. त्या हुडकून काढणं हा मामाचा नाद. दर्शनी पाटीवर त्याचा विश्वास नव्हता. फ्रीज बंद पडला की मेकॅनिकला मागच्या दारानेच बोलावतात, तेव्हा मागे डबे कशाचे रिकामे झालेत, मालकाची स्वतःची पोरं काय जेवतायत, हे तो कॉम्प्रेसर खोलता खोलता बघून ठेवायचा. भाजीबाजारात अनोळखी पाल्याची जुडी दिसली की विकणारीला विचारायचा, ‘ही घेतं कोण?’ आणि त्या गिऱ्हाइकाच्या मागोमाग जायचा.

अशाच एका जुडीमागे तो मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानावरच्या एका खोलीत पोचला. अरुंद जिना, चार टेबलं, पाटी नाहीच. बायको रांधायची, नवरा वाढायचा. नवऱ्याला आपली भाषा मोडकीतोडकी यायची, बायकोला मुळीच नाही. मामाने त्या जागेला ‘जिन्यावरचं’ असं नाव ठेवलं आणि तिथल्या बाईला जिनेवाली. ती मामाला स्वतःच्या भाषेत काहीतरी म्हणायची. त्याचा अर्थ त्याने कधी विचारला नाही. म्हणायचा, चांगला असला तर बरंच आहे, वाईट असला तर कळून काय करायचंय.

तिथे त्याने पहिल्यांदा जीभ खाल्ली, म्हणजे बऱ्याच वर्षांनी पहिल्यांदा. कारण मामा आणि माझी आई वाढले ते याच असल्या मटणावर. आजोबा मटणबाजारात हमाल होते. मान, नळ्या, शेपट्या, जिभा, जे कुणी घेत नसे ते संध्याकाळी खाटीक कुत्र्यांच्या नावाने देऊन टाकायचा आणि आजोबा ते टोपलीतून घरी आणायचे. आजी मंद आचेवर ते असं शिजवायची की शेजारी काही ना काही निमित्त काढून भांडं घेऊन यायचे.

मामी मात्र खात्यापित्या घरची. तिच्या माहेरी मटण म्हणजे रान, बकऱ्याची अख्खी मांडी, बाकी काही नाही. लग्नानंतर तिने स्वच्छ सांगितलं, नळ्या न् मुंड्या माझ्या भांड्यांत शिजायच्या नाहीत. मामाने वाद घातला नाही. तो बाहेर खाऊ लागला. पुढे काळच फिरला. मोठ्या हॉटेलवाल्यांना नळ्यांचा शोध लागला, आणि कुत्र्यापुढे पडणारी नळी रानेपेक्षा महाग झाली. मामाला याचा अभिमानही वाटायचा आणि संतापही यायचा. जिभेला तेवढा अजून कुणी वाली नव्हता.

माझी मामेबहीण मोठ्या रुग्णालयात नर्स आहे. तिने स्वतःच मुलगा पसंत केला, आणि मुलाकडची मंडळी दुपारी जेवायला यायची ठरली. मामी घरी शाळांचे गणवेश शिवते. तिने शिलाई मशीन कोपऱ्यात ढकललं, चिंध्या पलंगाखाली कोंबल्या, मसाला आदल्या दिवशीच वाटून ठेवला. खाटकाकडे रान सांगून ठेवली होती. जेवण ठरलं त्या वारी मटणाची बाकी दुकानं बंद असत. हा आपला ओळखीचा, मामासाठी उघडणार होता.

सकाळी सकाळी खाटकाचाच फोन आला. कोल्ड रूमचा पंखा जळाला होता आणि आतलं सगळं मटण नासलं होतं. मामा धावला, मला वाटेत उचललं. त्याने पंखा बदलला, पण मटण काही परत येणार नव्हतं. खाटीक डोक्याला हात लावून बसला होता. मग मामाची नजर कोपऱ्यातल्या छोट्या पेटीफ्रीजवर गेली. तो वेगळ्या लाइनवर होता, व्यवस्थित घुरघुरत होता. मामाने झाकण उघडलं. आत पिशव्या भरून बकऱ्याच्या जिभा. कुणी घेत नाही म्हणून साचलेल्या, दगडासारख्या गोठलेल्या.

मामाने माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे चमकत होते.

“मामा, नको,” मी म्हणाले. “मामी घराबाहेर काढेल.”

“दोघांना काढेल,” तो म्हणाला. “पिशवी धर.”

तिथून आम्ही थेट जिन्यावर. मामाने हातवारे करून, नवऱ्याला मध्ये घालून सगळी कथा सांगितली. जिनेवालीने पिशवीत डोकावलं, अंगावरचा एप्रन काढला, दुसरा धुतलेला चढवला आणि आमच्या आधी जिना उतरली. नवरा वरून ओरडत राहिला, दुपारच्या गिऱ्हाइकांचं काय. ती थांबली नाही.

मामीने दार उघडलं. आधी परकी बाई पाहिली, मग पिशवी. मामाने एका दमात सगळं सांगून टाकलं.

“व्याह्यांना जीभ वाढायची?” मामी म्हणाली. “आणि जन्मभर ऐकून घ्यायचं?”

मामा म्हणाला, “जिभेला हाड नसतं, लवकर शिजते.”

मामीला हसू आलं नाही. पण घड्याळ कुणासाठी थांबत नव्हतं आणि घरात डाळ-तांदळाखेरीज काही नव्हतं. ती बाजूला सरली. तेवढीच परवानगी.

मग त्या स्वयंपाकघरात जी धांदल उडाली तशी मी पुन्हा पाहिली नाही. जिभा पाण्यात सोडल्या, मिठाने खसाखसा घासल्या. जिनेवालीला कुकर पसंत नव्हता. ती झाकणावर थापटी मारून मान हलवायची. पण वेळच नव्हता. कांदा, तमालपत्र, मिरी घालून कुकर लावला. शिट्ट्या होत होत्या आणि मामा प्रत्येक शिट्टीला टाच उचलत होता. वाफ गेली, सुरी आत लोण्यासारखी शिरली. आता खरी घाई. जिभेची साल गरम असतानाच निघते, गार झाली की चिकटून बसते. आम्ही तिघं गार पाण्यात बोटं बुडवून साल ओढत होतो. हात भाजत होते आणि हसू आवरत नव्हतं. मामी दारात उभी राहून बघत होती. मग काय झालं कोण जाणे, तिने बाह्या सारल्या, मला कोपराने बाजूला केलं आणि सोलायला लागली. वर्षानुवर्षं उसवण-शिवण केलेली बोटं ती. एका ओढीत अख्खी साल बाहेर. जिनेवालीने तिच्या पाठीवर थाप मारली.

काप केले, तव्यावर परतले, जिनेवालीने खिशातून आणलेली सुकवलेली आंबट फळं त्यांत टाकली आणि मामीने न विचारता त्यात आपला कालचा वाटलेला मसाला घातला. जिनेवालीने चमचाभर चाखलं. थोडा वेळ छताकडे बघत राहिली. मग चमचा मामीच्या तोंडापुढे धरला. मामीने डोळे मिटून तो घेतला, आणि पुन्हा उघडले तेव्हा स्वतःच दुसरा चमचा शोधत होती.

मंडळी आली. व्याही छापखान्यात काम करणारे, अबोल. विहीणबाई मात्र चौकस. जेवता जेवता त्या थांबल्या आणि विचारलं, इतकं मऊ मटण कुठल्या भागाचं?

मामाने तोंड उघडलं. मामीने त्याला डोळ्यांनी दाबलं आणि स्वतः म्हणाली, “जीभ आहे. रान मिळाली नाही. नको असेल तर डाळ वाढते.”

माझ्या मामेबहिणीचा घास हातातच राहिला. विहीणबाईंनी पानाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. व्याह्यांनी मान वर न करता पान पुढे सरकवलं. “मला अजून थोडी,” ते म्हणाले. त्या दुपारभरात ते एवढंच बोलले.

विहीणबाई हसल्या. “आमच्याकडे यांची जीभ चालत नाही, तुमच्याकडे चालू लागली,” असं म्हणून त्यांनीही पान पुढे केलं. जिनेवाली स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. मामीने तिला हाताला धरून आणलं आणि आपल्या शेजारी जेवायला बसवलं.

लग्न थाटात झालं. व्याह्यांनी छापखान्यातल्या लोकांना सांगितलं, त्यांनी आणखी कुणाला, आणि आता खाटीक जिभेसाठी आधी नाव नोंदवायला लावतो. मामा त्याच्यावर चिडतो, पण मनापासून नाही. परवा त्याला बस डेपोच्या मागे नवी खाणावळ सापडली, जिथे बकऱ्याची मान रात्रभर चुलीच्या निखाऱ्यांत पुरून शिजवतात. त्याने मला फोन केला, तर मामीने तो हिसकावून घेतला. ती म्हणे चपला घालून दारात उभी होती. म्हणाली, “तू सावकाश ये गं, आम्ही पुढे होतो.”