सुमनची निगेटिव्ह

"फोटू नगं. जिच्यावरनं फोटू काढता, ती फिलम द्या," विंझरचे धोंडिबा काउंटरवर हात ठेवून म्हणाले. सत्तरच्या दशकातली गोष्ट. भोरच्या एका फोटो स्टुडिओत मी डार्करूमचं काम करायचो. अशी मागणी तोवर कोणी केली नव्हती.

निगेटिव्ह म्हणजे फिल्मवरचा मूळ फोटो. तिच्यावरून हव्या तितक्या कॉप्या निघतात. गिऱ्हाइकाला कॉप्या मिळायच्या, निगेटिव्ह स्टुडिओत राहायची. कॉपीमागचा नंबर सांगितला की कोणीही नवी कॉपी घेऊन जायचा. फोटोतल्या बाईचा तू कोण, असं विचारायची पद्धतच नव्हती.

धोंडिबांनी मुलीचा, सुमनचा, फोटो स्थळांना दाखवायला काढला होता. एका मुलाला त्यांनी नकार दिला. फोटो परत करताना त्याने नंबर टिपून ठेवला. सुमनचं लग्न दुसरीकडे झाल्यावर त्याने आमच्याकडून कॉपी नेली आणि तिच्या सासरी दाखवली. म्हणाला, तिनेच दिलाय. सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं.

मालक ऐकेनात. निगेटिव्ह स्टुडिओच्या मालकीची, हेच पालुपद. मला त्यांची मनस्वी चीड आली.

"त्वांड माज्या लेकीचं, मग तुमी कोन इकनारं?" धोंडिबांनी विचारलं. मालक पेपर वाचत बसले.

शेवटी मीच धोंडिबांबरोबर नसरापूरला तिच्या सासरी गेलो. पोरीचा दोष नाही, कॉपी आमच्याकडून कोणालाही मिळते, असं समजावून सांगितलं. मला वाटलं, काम झालं.

सासऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मंग आजून कुनाकुनाकडं हाय आमच्या सुनंचा फोटू?"

खरं बोलून मी त्या पोरीचा उरलासुरला संसारही मोडला.

ब्याद टळावी म्हणून मालकांनी निगेटिव्ह देऊन टाकली. धोंडिबांनी ती उजेडात धरली.

"क्यास पांढरं दिसत्यात हिचं."

निगेटिव्हमध्ये सगळं उलटं दिसतं, काळ्याचं पांढरं होतं, मी म्हणालो.

"न्हाई, बराबर हाय," ते म्हणाले. "आता हितंच म्हातारी व्हायची ती."

सुमन नांदायला परत गेली नाही. गोष्ट पंचक्रोशीत पसरली आणि मुलींचे आईबाप फोटोबरोबर निगेटिव्हही मागू लागले. मालकांनी तिचा वेगळा दर लावला. बैल गेला नि झोपा केला, त्यातही कमाई. पुढे मी स्वतःचा स्टुडिओ टाकला, तेव्हा निगेटिव्ह न मागताच देत गेलो. पण लोकांना एक सांगायचो, निगेटिव्ह परत मिळते, बाहेर गेलेली कॉपी मिळत नाही.