रविवार बंद करणारा कागद

माझं शहाणपण किती खोल आहे ते आज तुम्हाला दाखवूनच देतो. हसा बिनधास्त, पण चहा तेवढा सांभाळा!

कुरुंद्याच्या शाळेत मास्तर होतो तेव्हाची गोष्ट, मोबाईल यायच्या आधीची. मी चोरून एक विज्ञान कादंबरी लिहीत होतो. धूम्रक नावाचा ग्रह. तिथलं सरकार कॅलेंडरच बदलतं. आठवडा दहा दिवसांचा, रविवार बंद. आकाशात चंद्र दोन, म्हणून पौर्णिमाही दोन. हुकूम अस्सल वाटावा म्हणून मी तो शाळेच्याच फुलस्केपवर, 'सर्वांना कळविण्यात येते की' असं ठोकून लिहिला.

त्याच दिवशी हेडमास्तरांनी मला सूचना लिहायला सांगितली, की शनिवारी शाळा सकाळची. लिहिली. आणि आमचे शिपाई किसनराव, त्यांच्या हातात मी कोणता कागद दिला असेल? बराबर! धूम्रकचा!

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये शिरलो, तर नुसता कालवा!

"रविवार बंद करून राहिले म्हंते!" भगवान सर ओरडत होते. "मंग शेतात कवा जावं मानसानं?"

"कोणी काढलं हे?" मी विचारलं.

"गृह खात्यानं! वर लिहेल हाय की!"

मी कागद पाहिला. वर माझ्याच अक्षरात 'धूम्रक ग्रह'. पठ्ठ्यांनी ग्रहाचं गृह केलं होतं! खाली अकरा जणांच्या सह्या. वाचतो कोण हो? आणि हे लोक लेकरांना शुद्धलेखन शिकवणार!

लतामॅडमचं दुखणं तर वेगळंच. "सर, संकष्टीचा उपास कोणता चंद्र पाहून सोडायचा?"

दुसरा चंद्र आला कुठून, हे बाईंनी विचारलं न्हाई! सरकारनं मंजूर केलाय ना, मग उगवणारच!

तेव्हाच खरं सांगून टाकायचं की नाही? पण कादंबरीचं बिंग फुटलं असतं. आणि खोटं काहून बोलू, मजा येत होती. एवढ्या गाढवांत मी एकटा शहाणा! बसलो गप्प.

तेच नडलं. "तुमचं अक्षर चांगलं हाय, निवेदन तुमीच लिहा," असा ठराव झाला. माझ्याच हुकमाविरुद्ध मीच निवेदन लिहिलं, तेही कडक शब्दांत! दुसऱ्या दिवशी किसनरावांसकट जीप भरून आम्ही हिंगोलीला, शिक्षण खात्याच्या साहेबांपुढे. सगळ्यांत पुढे कोण? मीच.

साहेबांनी निवेदन बाजूला ठेवलं आणि तो मूळ कागद वाचला. पुन्हा वाचला. चष्मा काढला.

"हा धूम्रक कुठं आला हो? औंढ्याच्या पुढं का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. शेवटी तोंडातून निसटलंच, "साहेब... माझी कादंबरी आहे ती."

मागे भगवान सरांनी दात खाल्लेले मला स्पष्ट ऐकू आले. वाटलं, गेली नोकरी! पण साहेब चक्क हसले.

"कल्पना झकास आहे. पण इथं लिहिलंय, वर्ष चारशे दिवसांचं. महिना तीस दिवसांचा, असे बारा महिने. मग उरलेले चाळीस दिवस कुठं गेले?"

मी मनात हिशेब केला. बोटं मोजली. चाळीस दिवस काही सापडेनात.

"तुम्ही शिकवता काय?"

मी तोंड उघडायच्या आत फाईल धरून उभ्या असलेल्या किसनरावांनी छाती फुगवून सांगितलं,

"गणित, साहेब! धा वर्सं झाली!"